परका भाग

३ मार्च

टिल्लू,

चाळिशी उलटली तरी मी तुला टिल्लूच म्हणणार, तेव्हा तोंड वाकडं न करता वाच. फोन सोडून ही कागद का खरडत बसली, असं वाटलं असेल. आमच्या घरात खोल्या दोन, आणि हे पलंगाला खिळल्यापासून मधलं दार काढूनच टाकलंय. फोनवर बोललेला शब्दन् शब्द ह्यांना ऐकू जातो आणि उत्तर एकाचंही देता येत नाही. माणसासमोर त्याच्याबद्दल असं बोलणं माझ्या जिवावर येतं. म्हणून पत्र.

ह्यांचा कॉम्प्युटर बंद पडलाय. सतरा फेब्रुवारी, सोमवार, सकाळचे सव्वानऊ. "खिडकी" एवढं म्हणाले आणि पडदा काळा झाला. उघड म्हणायचं होतं की लाव, ते आतच राहिलं. मी आधी उघडली, मग लावली, मग ह्यांच्या डोळ्यांकडे बघून पुन्हा अर्धी उघडली.

त्या दिवसापासून तुमच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावतेय. तेरा वेगवेगळी माणसं बोलली. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं, त्यामुळे मला सगळं पाठच झालंय. म्हणून दाखवू? "माझे यजमान मोटार चालवायला शिकवत असत. तीन वर्षांपूर्वी नसांचा आजार झाला. आता फक्त डोळे हलतात. वाचा जायच्या आधी सहा आठवडे बसून त्यांनी अकराशे चाळीस वाक्यं स्वतःच्या आवाजात तुमच्या यंत्रात भरून ठेवली. पडद्यावर ज्या वाक्याकडे बघतील ते वाक्य यंत्र त्यांच्या आवाजात बोलतं. ते यंत्र बंद पडलंय. वॉरंटीचे सात महिने बाकी आहेत." एवढं एका दमात म्हटलं की पलीकडचा माणूस विचारतो, "मॅडम, यंत्र एकदा बंद करून पुन्हा चालू करून पाहिलंत का?" अरे, बंद पडलेलं आणखी बंद कसं करायचं ते तरी शिकवा!

शेवटी परवा त्यांचा माणूस येऊन यंत्र खोक्यात घालून घेऊन गेला. आता आमचं अक्षरांच्या तक्त्यावर चाललंय. मी ओळींवरून बोट फिरवते, हवं ते अक्षर आलं की हे वर बघतात. वर म्हणजे हो, डावीकडे म्हणजे नाही, डोळे मिटले म्हणजे आता पुरे. काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं विचारायचं. 'पाठ खाजते' एवढं सांगायला सहा मिनिटं लागतात, तोवर खाज मुक्काम हलवून दुसरीकडे गेलेली असते. हे हसतात, डोळ्यांनी. मला हसू येत नाही.

दुसरं यंत्र कुणी उसनंही देईल रे, पण त्यातला आवाज मी कुठून आणू? तू त्या कंपनीत आहेस. जरा कुणाच्या तरी मागे लाग. आणि एक सांग. दीड वर्षापूर्वी तू आला होतास तेव्हा आवाजाची नक्कल वेगळी काढून ठेवली म्हणाला होतास. ती तुझ्याकडे आहे ना? एवढं 'हो' लिहून कळव, म्हणजे निदान मला झोप लागेल.

तुझी
ताई


९ मार्च

ताई,

पत्र दोनदा वाचलं. भावोजींचा मोटारीतला आवाज आठवला. मला शिकवताना ते कधी ओरडले नाहीत. नुसतं "आरसा" म्हणायचे, आणि मला घाम फुटायचा.

कामाचं लिहितो. मी कंपनीत असलो तरी दुसऱ्या मजल्यावर फोन घेणारा माणूस आहे. दुरुस्ती विभाग शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या इमारतीत. तिथल्या लोकांची तोंडंही मी पाहिलेली नाहीत. त्यात नातेवाइकांच्या तक्रारीला हात लावायचा नाही असा सक्त नियम आहे. तुझी फाइल मी नुसती उघडून पाहिली तरी त्याची नोंद होते. त्यामुळे फोनवर बोलताना 'माझा भाऊ तुमच्याकडे आहे' असं चुकूनही म्हणू नकोस. मलाही दिवसा फोन करू नकोस, मोबाइल कप्प्यात कुलूप लावून ठेवावा लागतो.

मात्र थोड्या युक्त्या सांगतो. 'अचानक बंद पडलं' म्हणू नकोस, तारीख आणि वेळ सांग. 'अचानक' म्हटलं की आमच्या पडद्यावर पहिलाच प्रश्न येतो, पाणी सांडलं का. रागावलीस तरी फोन ठेवू नकोस. ग्राहकाने फोन ठेवला की तक्रार मिटली असं धरतात. आमच्याकडे माणसं मोजून चाळीस आणि दिवसाला दोन हजार फोन. आम्ही वाईट नसतो ताई, फक्त आम्हाला 'हो' म्हणायची परवानगी नसते.

आणखी एक. यंत्र न्यायला आलेल्या माणसाने तळाची बाजू उलटून पाहिली का? तिथे एका स्क्रूवर चंदेरी कागदाचं सील असतं. त्याबद्दल काही बोलला का? सहज विचारतोय.

बाकी काळजी करू नकोस. भावोजींना नमस्कार सांग. तब्येतीला जप, दुपारी थोडी पडत जा.

तुझा
टिल्लू


१६ मार्च

टिल्लू,

सहज विचारतोय म्हणालास, आणि घाव नेमका तिथेच बसला.

तेरा तारखेचं कंपनीचं पत्र काल आलं. जसंच्या तसं उतरवते. "तपासणीत तळाचं सील उचकटून पुन्हा चिकटवल्याचं आढळलं. यंत्रात कंपनीने न बसवलेला एक परका भाग सापडला. सबब वॉरंटी रद्द समजावी. यंत्र आहे त्या स्थितीत परत केलं जाईल. परका भाग एकवीस दिवस ठेवून नष्ट करण्यात येईल." म्हणजे तोंडाला पानं पुसून मोकळे झाले.

सोबत एक फॉर्म आहे. फोनवरची मुलगी म्हणाली, 'परक्या भागावर माझा हक्क नाही' यावर सही करून दिलीत तर एकवीस दिवस थांबायला नको, यंत्र चार दिवसांत घरी येईल. तो भाग कसला, माझ्या काय कामाचा? जाळा म्हणावं. उद्या सकाळी सही करून पाठवते. बंद तर बंद, यंत्र घरात आलं की कुणी जाणकार माणूस त्यातून आवाज तरी काढून देईल.

हो, आणि तुला लिहायचं नव्हतं, पण लिहिते. अकरा तारखेला मी पन्नास मिनिटं फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होते. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' तेवढ्यात ह्यांना ठसका लागला आणि थुंकी घशात अडकली. पूर्वी यंत्रातून "अगं" म्हणायचे की मी धावायचे. आता आवाजच नाही. मधे भिंत आणि माझ्या कानात कंपनीचं संगीत. मागच्या बाल्कनीत दोन गल्ल्यांपलीकडच्या दुकानातले सुतारदादा दार तासत होते, त्यांनी खिडकीतून ह्यांचा चेहरा पाहिला आणि हातातला रंधा टाकून धावत आले, त्यांनीच कुशीवर वळवलं. मी पोहोचले तेव्हा ओठ निळे होते. त्यावर कळस म्हणजे तासाभराने फोन, 'आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?' मी घरचा फोन भिंतीतून उपटला आणि मोबाइल बंद करून कपड्यांच्या कपाटात टाकलाय. तुझा फोन आला तर लागणार नाही.

आता सर्वांत वाईट. सील कुणी उचकटलं? घरात येणारं माणूस एकच, सुतारदादा. यंत्राचा स्टँड त्यांनीच पलंगाला बसवला. मी औषधं आणायला गेले की ते यंत्राजवळ एकटे असायचे, आणि दिसेल ती वस्तू खोलून बघायची त्यांना खोडच आहे. मी विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, मी लाकडाचा माणूस, मला त्यातलं काय कळतं?" मी म्हटलं, कळत नाही म्हणूनच बिघडवलंत. त्यांनी हत्यारं पिशवीत भरली आणि गेले. चारच दिवस आधी ज्याने माझा नवरा वाचवला होता, त्याला मी असं बोलले.

ह्यांनाही विचारलं. "सुतारदादांनी उघडलं का?" डावीकडे बघितलं. "मग कुणी?" डोळे मिटून घेतले. तक्ता पुढे धरला तरी उघडेनात. आज सकाळी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी. त्या माणसाला पाठीशी घालतायत, दुसरं काय! तुमच्या आवाजाची किंमत आहे ही, असं म्हणून मी ह्यांच्यावर ओरडले. मग दिवसभर मलाच चैन पडलं नाही.

नकलेचं तू काहीच लिहिलं नाहीस. विसरलास का?

ताई


१९ मार्च, कुरियरने

ताई,

सही करू नकोस. केली असशील तर फॉर्म पाठवू नकोस. पाठवला असशील तर मोबाइल कपाटातून काढ आणि आत्ताच्या आत्ता कंपनीला कळव की सही मागे घेते.

त्या परक्या भागातच भावोजींचा आवाज आहे. अकराशे चाळीसच्या अकराशे चाळीस वाक्यं. मूळ यंत्रात एकही नाही.

मला कसं माहीत ते उद्या लिहितो. कालपासून सतरा फोन केले, लागत नाहीत. आधी एवढं कर.

टिल्लू


२० मार्च

ताई,

ते यंत्र मी उघडलं.

दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबरात, मी चार दिवस आलो होतो. तू दाताच्या डॉक्टरकडे गेलीस, ती दुपार. यंत्रातली डिस्क भरत आली होती आणि मधूनच टिकटिक करत होती. अशी टिकटिक करणारी डिस्क किती दिवस तग धरते ते मला फोन घेऊन घेऊन माहीत होतं. रीतसर दुरुस्तीला पाठवली असती तर कंपनी जुनी डिस्क काढून टाकते आणि नवी कोरी बसवते, आत काय होतं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. म्हणून मी माझी एक जादा डिस्क आणली होती, ती आत बसवली आणि सगळा आवाज तिच्यावर हलवला. सील वाफेवर धरून सोडवलं, डिंकाने परत लावलं. आमच्याकडे कर्मचाऱ्याने ग्राहकाचं यंत्र उघडलं तर नोकरी जाते. म्हणून कुठे कागद नाही, नोंद नाही. आमच्याच नियमाला चकवा देतोय, याचा मला अभिमानच वाटत होता.

तिची आणखी एक नक्कल माझ्याकडे ठेवायची होती. तू जिना चढताना ऐकू आलीस, म्हटलं पुढच्या खेपेला करू. तू विचारलंस तेव्हा मी 'हो, ठेवली' म्हणालो. ती पुढची खेप झालीच नाही. नक्कल कुठेही नाही, ताई. मी खोटं बोललो होतो आणि पहिल्या पत्रात तू विचारलंस तेव्हा मूग गिळून बसलो.

भावोजी त्या दुपारी सगळं बघत होते. मी म्हटलं, "ताईला सांगू नका, ती घाबरेल. आणि बाहेर कळलं तर माझी नोकरी जाईल." ते यंत्रातून म्हणाले, "बरं." एवढंच.

ते सुतारदादांना पाठीशी घालत नाहीयेत. तुझं पत्र मी जिन्यात उभं राहून वाचलं, आणि त्या ओळीपाशी आलो तेव्हा खाली बसलो. स्वतःचा आवाज कायमचा चाललाय हे दिसत असताना ते माझ्यासाठी डोळे मिटून पडलेत, आणि मी तुला दुपारी पडत जा म्हणून सल्ले देतोय.

यंत्र बंद पडलं ते माझ्या डिस्कमुळे नाही. त्याचं वीज घेणारं सर्किट जळतं, त्या मॉडेलमध्ये दोन वर्षांनी जळतंच. मी एकट्याने तीनशे बारा फोन घेतलेत या बिघाडाचे, वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून ठेवल्यात. आम्हाला सांगायला लावतात, 'अशी तक्रार पहिल्यांदाच येते आहे.' मीही तीनशे बारा वेळा तेच सांगितलं.

सही केलीस का, ते कळव.

टिल्लू


२२ मार्च

फॉर्म सतरालाच गेला. तुझं पहिलं पाकीट एकवीसला मिळालं, दुसरं आज.

मोबाइल काढला, कंपनीला फोन केला. एक तास दहा मिनिटं. एकदा सोडलेला हक्क परत घेता येत नाही, तशी सोय यंत्रणेत नाही म्हणे. फॉर्म वीस तारखेला दाखल झालाय. आता तो भाग येत्या गुरुवारी, सत्तावीसला, इतर भंगाराबरोबर चिरडायला जाईल. मी ओरडले, रडले, पाया पडते म्हणाले. मुलगी म्हणाली, "मॅडम, मी आपली अडचण समजू शकते." तुमच्या पडद्यावर ते वाक्य लिहिलेलं असतं का रे?

तुला दोनदा फोन केला. बंद.

मी ह्यांच्यासमोर तुझं पत्र मोठ्याने वाचलं. संपल्यावर विचारलं, "हे खरं?" ह्यांनी वर बघितलं. मग तक्ता मागितला. एक एक अक्षर करून सांगितलं, "त्याला ओरडू नकोस." अकरा मिनिटं लागली त्याला. मी तक्ता भिंतीवर फेकला. ह्यांच्यावर नाही, तुझ्यावर फेकला, पण तू इथे नव्हतास.

मी ओरडणार. तुझ्या नोकरीसाठी माझ्या नवऱ्याने जीभ गहाण टाकली. मी एका भल्या माणसाला दारातून घालवलं. आणि माझ्याच हाताने सही करून ह्यांचा आवाज भंगारात दिला. हे तिन्ही तू मला पहिल्याच पत्रात दोन ओळी लिहून वाचवू शकला असतास. सीलबद्दल 'सहज' विचारायला तुला सुचलं, तेवढं सांगायला नाही सुचलं.

सुतारदादांच्या दुकानात जाऊन आले. माफी मागितली. ते म्हणाले, "बसा, पाणी घ्या."

माझ्या हातात आता काहीच नाही, असलं तर तुझ्या आहे. गुरुवारच्या आत काय करायचं ते तू बघ. नोकरी जाईल की राहील, ते मला विचारू नकोस. नक्की होईल असं खोटं लिहूही नकोस.


२८ मार्च

ताई,

हे पत्र आणि सोबतचं पाकीट सुतारदादांच्या दुकानात येऊन त्यांच्या हाती देतोय. पोस्टावर भरवसा नाही, आणि तुझ्या दारात उभं राहायची माझी छाती नाही. तुझे दोन फोन आलेले मी पाहिले होते. उलट फोन केला नाही, कारण बोलायला तोंड नव्हतं.

पाकिटात ती डिस्क आहे. चालते की नाही, मला माहीत नाही.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. बुधवारचा अख्खा दिवस मी खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत बसून फोन घेत राहिलो, हेही सांगून टाकतो. वाटत होतं, काहीतरी दुसरी वाट निघेल. संध्याकाळी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला, तेच मॉडेल, तोच बिघाड. मी 'अशी तक्रार' इथपर्यंत म्हणालो आणि पुढे शब्द फुटेना. ते बिचारे पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिले.

गुरुवारी दुपारी एकला मी दुरुस्तीच्या इमारतीत पोहोचलो. मागच्या बाजूला एक काचेची खिडकी, आत एक कारकून, त्याच्या मागे भिंतीला लावून निळे क्रेट. चिरडायचं मशीन तीनला सुरू होतं. कारकून म्हणाला, "मालकिणीने हक्क सोडलाय, विषय संपला." मी म्हटलं, "मालकीण यंत्राची. आतला भाग माझा आहे, आणि माझा हक्क मी सोडलेला नाही." त्याने नियमांची फाइल काढली. तसा नियम खरोखरच निघाला, भागाचा मालक स्वतः येऊन लेखी मागेल तर भाग द्यावा. फॉर्मही होता, पण आजवर कुणी भरलेला नव्हता, तो शोधण्यातच वीस मिनिटं गेली.

त्यात एक रकाना आहे, 'सदर भाग यंत्रात कसा गेला?' मी लिहिलं, मी बसवला. त्याखाली व्यवसाय. कंपनीचं नाव लिहिलं, माझा कर्मचारी क्रमांक लिहिला. कारकुनाने वाचलं आणि कागद माझ्याकडे फिरवून म्हणाला, "साहेब, पुन्हा एकदा वाचा. मी अजून शिक्का मारलेला नाही." मी म्हटलं, मारा.

मग त्याने तीन क्रेट जमिनीवर ओतले. दोनेकशे डिस्क, सगळ्या सारख्या. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून एक एक उलटून नंबर बघत होतो. पाठीमागे ते मशीन तापवायला चालू केलं, फरशी थरथरायला लागली. घाईत एक डिस्क मी दोनदा तपासली. तिसऱ्या क्रेटमध्ये, तळाजवळ सापडली. घड्याळात पावणेतीन झाले होते. कडेला चेपल्यासारखी दिसते, बहुतेक फेकताना आपटली असेल.

चार वाजता मला आमच्या इमारतीत वरिष्ठांनी बोलावलं. मी वही पुढे ठेवली, तीनशे बारा रेघा दाखवल्या. म्हटलं, सील तुमच्याच माणसाने उघडलं, तर वॉरंटी कशी रद्द होते? वरिष्ठ म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही रजेवर होता. रजेवरचा माणूस म्हणजे कंपनी नव्हे." मग गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. वही मात्र त्यांनी ठेवून घेतली, त्यावरून वाटतं, रेघा त्यांना टोचल्या असाव्यात.

सुतारदादा समोर बसलेत. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

मी संध्याकाळच्या गाडीने परत जातोय.

टिल्लू


३१ मार्च

टिल्लू,

दोन गल्ल्या अलीकडे येऊन परत गेलास. लाज वाटायला हवी.

कंपनीचं यंत्र शनिवारी आलं, बंदचं बंद. सोबत चिठ्ठी, 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.' मी ती फाडणार होते, सुतारदादा म्हणाले ठेवा, पुढे दाद मागायला लागेल. त्यांच्या ओळखीत शाळेतले कॉम्प्युटर बघणारे एक मास्तर आहेत. काल ते स्वतःचं जुनं यंत्र घेऊन आले. डिस्क जोडली. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा काही नाही. मास्तर घाम पुसत होते, मी पलंगाचा कठडा धरून उभी होते आणि ह्यांच्याकडे बघायचं टाळत होते. चौथ्या वेळी पडद्यावर यादी उमटली. सगळी नाही. मास्तरांनी मोजली, नऊशे सहा. बाकीची गेली. कोणती गेली ते अजून मला ठाऊक नाही, आणि आत्ता जाणून घ्यायचंही नाही.

मास्तरांनी कॅमेरा लावला, ह्यांच्या डोळ्यांशी जुळवला आणि म्हणाले, बोला. आम्ही तिघं श्वास रोखून. हे त्या यादीकडे बघेचनात. बघतील तर भिंतीवरच्या तक्त्याकडे! मला वाटलं, काही दुखतंय. मी तक्ता आणला, बोट फिरवलं. 'टिल्लू.' मी म्हटलं, तो गेला परत. पुन्हा बोट फिरवायला लावलं. 'येऊ दे. मग.'

मी समजावलं. रागावले. एक वाक्य तरी, म्हटलं, एकच, माझ्यासाठी. ह्यांनी डावीकडे बघितलं. काल संध्याकाळी, आज सकाळी, पुन्हा तेच. सतरा फेब्रुवारीपासून मी ह्यांचा आवाज ऐकलेला नाही, टिल्लू. बेचाळीस दिवस झाले. तो आता माझ्यापासून हातभर अंतरावर आहे, आणि तुझ्यासाठी अडून बसलाय. मला तुझा इतका राग आलाय की लिहिताना पेन कागदातून आरपार जातंय. आणि त्याच वेळी, तू त्या खिडकीपाशी तो रकाना भरलास, हे मी ह्यांना तीनदा वाचून दाखवलंय.

माझा राग काही जायचा नाही, लगेच तर नाहीच. मी तुला ओरडणार आहे, पोटभर ओरडणार आहे, पण ह्यांचं बोलून झाल्यावर. कदाचित तुझ्याशी दोन दिवस बोलणारही नाही. तरी तू घरात असलास तर मला चालेल.

फोन करत नाही, कारण तुझा आवाज ऐकला तर भांडणच होईल. हे पत्र सुतारदादा स्वतः घेऊन आलेत, त्यांची गाडी घेऊन. मी नको म्हणत होते, ते म्हणाले, मीच आणतो त्यांना. वाटेत चार तास तुम्ही दोघंच असाल, तेव्हा त्यांना जे सांगायचं ते सांगून घे. चार कपडे पिशवीत टाक आणि नीघ. ते खाली गाडीत थांबलेत, त्यांना ताटकळत ठेवू नकोस.

ताई